जहाज धक्क्याला लागत नाही तेव्हा : एका क्रूझवरील टेंडर सेवेचा अनुभव

क्रूझविषयी लिहिताना केबिन, जेवण आणि करमणुकीचे कार्यक्रम यांवर भरभरून लिहिले जाते. जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याच्या सोयीबद्दल मात्र एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. ॲड्रियाटिक आणि एजियन समुद्रातील आमच्या सात रात्रींच्या प्रवासात तीन ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार नव्हते आणि तेथे टेंडर बोटीनेच, म्हणजे जहाज व किनारा यांच्यात फेऱ्या मारणाऱ्या लहान बोटीनेच, जावे लागणार होते. सोबत 72 वर्षांची आई होती, तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्यामुळे आमच्या दृष्टीने सहल यशस्वी होणार की नाही, हे याच सेवेवर अवलंबून होते.

पहिले ठिकाण माँटेनेग्रोमधील कोटोर. डोंगरांनी वेढलेल्या त्या उपसागरात पाणी संथ असते आणि जुन्या शहराची तटबंदी समोरच दिसत असते, त्यामुळे आता दहा मिनिटांत उतरू असे वाटते. प्रत्यक्षात आम्ही दीड तास एका सभागृहात बसून होतो. टेंडरसाठी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते, जहाजाच्या स्वतःच्या सहली घेतलेल्यांना आणि वरच्या श्रेणीतील प्रवाशांना आधी सोडतात आणि उरलेल्यांना चिठ्ठीच्या क्रमाने बोलावतात. ही पद्धत बहुतेक जहाजांवर आहे व तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चिठ्ठ्या कुठे आणि किती वाजता मिळणार हे आदल्या रात्रीच्या छापील पत्रकात न लिहिल्याबद्दल. ज्यांना अनुभव होता ते पहाटेच रांगेत उभे राहिले आणि आम्ही न्याहारी करून निवांत पोहोचलो तेव्हा आमच्या आधी 19 गट होते. क्रमांकांची घोषणाही एकाच भाषेत आणि इतकी घाईत होत होती की आमच्या शेजारच्या वृद्ध जोडप्याचा क्रमांक निघून गेल्याचे त्यांना कळलेच नाही.

बोटी जहाजाच्याच होत्या. एरवी डेकच्या कडेला टांगलेल्या ज्या केशरी-पांढऱ्या लाइफबोटी आपण पाहतो, त्यांतील काही बोटी टेंडर म्हणूनही वापरता येतील अशा बांधलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाइफबोटीची क्षमता सर्वसाधारणपणे 150 माणसांपर्यंत असते. टेंडर म्हणून चालवताना त्याहून कमी माणसे बसवतात, आणि तरीही आत दाटी जाणवतेच. बाके कठीण, खिडक्या लहान आणि उन्हात आत उकाडा. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीसाठी हे चालून जाते. मात्र ज्यांना बोट लागते त्यांनी दाराजवळची जागा धरावी.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो : ते एक पाऊल. जहाजाच्या कुशीत, पाण्यापासून थोड्याच उंचीवर एक दार उघडते, तेथे तरंगता प्लॅटफॉर्म लावलेला असतो आणि त्याला बोट बांधलेली असते. दोन्ही हलत असतात, पण एका लयीत नाही. बोट कधी घोट्याएवढी वर येते, कधी गुडघ्याएवढी खाली जाते. आईने तिथे पोहोचताच पाय मागे घेतला. तेथील खलाशाने घाई केली नाही. त्याने तिची काठी व पर्स काढून पलीकडच्या सहकाऱ्याकडे दिली, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. मग त्याने तिचा पंजा न धरता मनगटाच्या वर घट्ट धरले आणि तिलाही त्याचा हात तसाच धरायला लावला. अशी दुहेरी पकड घाम आला तरी निसटत नाही. दोन लाटा त्याने नुसत्या जाऊ दिल्या. तिसऱ्या लाटेने बोट प्लॅटफॉर्मच्या पातळीला आणली, क्षणभर स्थिरावली, त्याने मान हलवली आणि आई पलीकडे होती. मागे शंभर माणसे खोळंबलेली असताना एका अनोळखी वृद्धेसाठी त्याने घेतलेला तो अर्धा मिनिट मला या प्रवासातील सर्वांत मोलाचा वाटतो.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर व्यवस्था निराळी. ज्वालामुखीच्या स्फोटाने बनलेल्या त्या खोलगट भागात समुद्र काही ठिकाणी 300 मीटरांहून अधिक खोल असल्याने मोठ्या जहाजांना नेहमीसारखा नांगर टाकता येत नाही. आमचे जहाज प्रॉपेलर व थ्रस्टरच्या (जहाज आडवे सरकवणाऱ्या पंख्यांच्या) जोरावर जागेवर थांबून होते. प्रवाशांची ने-आण स्थानिक लोकांच्या मोठ्या लाँचने होते. या लाँच लाइफबोटींपेक्षा ऐसपैस आणि चढायला सोप्या होत्या, त्यामुळे रांगही झपाट्याने सरकली. खरी अडचण परतताना आली. उंच कड्यावरील फिरा गावातून जुन्या बंदरावर उतरायला केबल कार, खेचरे किंवा जवळपास 600 पायऱ्या एवढेच मार्ग आहेत, आणि त्या दिवशी खाडीत चार जहाजे होती. शेवटच्या टेंडरची वेळ जहाजाने सांगितली होती, परंतु केबल कारच्या रांगेचा हिशेब त्यात धरा, असे कोणीही सांगितले नाही. आम्ही दोन तास आधी निघालो म्हणून निभावले. आमच्या मागचे कित्येक जण पायऱ्यांवरून अक्षरशः धावत उतरत होते.

मिकोनोस हे तिसरे ठिकाण, तेही ग्रीक बेटच, आम्ही पाहिलेच नाही. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो आणि तो दिवसदिवस पडत नाही. कप्तानाने जहाज आडवे वळवून एका बाजूला वाऱ्याचा आडोसा तयार केला, एक बोट पाण्यात उतरवून पाहिली. ती प्लॅटफॉर्मवर आपटू लागताच थांबा रद्द केला. अनेक प्रवासी स्वागतकक्षात जाऊन भांडले. मला कप्तानाचा निर्णय पूर्ण योग्य वाटतो, कारण सकाळी माणसे उतरवणे हे अर्धेच काम असते. वारा वाढला तर संध्याकाळी तीच माणसे, थकलेली, अंधारात परत चढवायची असतात. बंदर-शुल्क आमच्या खात्यात न मागता जमा झाले, हेही नोंदवतो.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी आरक्षणापूर्वीच लेखी विचारणा करावी. आमच्या जहाजावर हलकी, घडीची खुर्ची नेऊ देत होते, पण प्रवाशाने स्वतः पाऊल टाकून बोटीत चढणे आवश्यक होते आणि जड विजेच्या खुर्च्यांना सरळ मनाई होती. हा नियम आमच्या सहप्रवाशांपैकी एका कुटुंबाला कोटोरच्या दाराशी कळला. व्हीलचेअरवर बसलेल्या त्यांच्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते.

खलाशांना मी पाचपैकी पाच गुण देतो, नियोजनाला दोन. जहाजाच्या अभिप्राय-पत्रात दोनच मागण्या लिहिल्या : चिठ्ठ्यांची जागा व वेळ आदल्या रात्री प्रत्येक केबिनमध्ये कळवावी, आणि बोटीत चढण्याच्या अटी पैसे घेण्यापूर्वी सांगाव्यात. खाली त्या खलाशाच्या छातीवरील पाटीवर वाचलेले नाव लिहिले, म्हणजे त्याच्या वरिष्ठांना ते कळेल.