मडक्यांची खतपेटी: कोल्हापूरचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

एकावर एक बसणारी तीन मातीची मडकी, बाजूला भोकं, वर झाकण. ओला कचरा वरच्यात टाकायचा. ते भरलं की मधल्याशी अदलाबदल, दोन्ही भरली की मधल्यातला माल खालच्यात ओतून मुरू द्यायचा. दिवाळीत घेतली, आता नवरात्र आलंय. आम्ही पाच माणसं. पुरते, पण काठोकाठ.

पेटी चांगली आहे. मात्र आपल्याकडे ती चालणार की वास मारणार, हे घरात सुकं काय साठवलंय त्यावर ठरतं. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याला कचऱ्यावर घालायची भुकटी विकायची असते.

भाजीची देठं, साली, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र भरपूर. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) लागतो आणि तो सुक्या पाल्यातून, भुशातून येतो. सुकं कमी पडलं आणि आत हवा खेळली नाही की कचरा कुजण्याऐवजी सडतो, घाण वास सुटतो. संचासोबत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट आणि कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, मिळालं. कोकोपीट उत्तम, पण दर महिन्याला कोण विकत घेणार? कल्चरऐवजी आंबट ताक किंवा जुन्या खताची मूठ टाकते, फरक जाणवला नाही.

आणि कर्बासाठी कोल्हापूरकरानं नारळाकडे कशाला बघायचं? ऊस तुटला की फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पडतं, पुष्कळ ठिकाणी ते सरळ पेटवून देतात. गावाकडून भाऊजींनी पोती भरून आणून दिलं. कोयत्यानं चार-चार बोटांचे तुकडे करायचे, हातमोजे घालून, कारण पात्याची कड हात कापते. तोडणीच्या हंगामात साठवलं तरच पावसाळ्याला पुरतं. गुऱ्हाळावरची चिपाडं चुलवाणात जळणाला जातात, ती मागू नका. रसवंतीवरचा चोथा मिळतो, पण त्यात साखर असते. कडक वाळवल्याशिवाय टाकला तर मुंग्यांची जत्रा भरते.

खरी परीक्षा आषाढात. झड लागली की मातीचं मडकं बाहेरून ओलं, आतून ओलं. झाकणाची कड आखूड आहे, त्यातून पाणी आत झिरपतं; हा बनावटीतला दोषच. पेटी पोर्चमध्ये पत्र्याखाली घेतली, पाचटाचं प्रमाण दुप्पट केलं, तेव्हा कुठं वास थांबला. त्याच दिवसांत आत वळवळणाऱ्या जाड, फिकट अळ्या दिसल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे काय पाळलंयस?" त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. कचरा झपाट्यानं फस्त करतात, त्यांची माशी चावत नाही. तरी बघवत नसेल तर वर सुक्याचा जाड थर द्या. चिलटंही त्यानंच कमी होतात.

रविवारची हाडं यात नाहीत. रश्श्याची तर्री, तळण, मटण काहीही टाकू नका, रात्री मांजरं मडकी पाडतील. हे सगळं घंटागाडीला. घनकचरा नियमांनुसार कचरा घरातच वेगळा करणं आपलंच काम आहे. पेटी आल्यापासून ते आपोआप होतं, कारण साल काढतानाच हात वेगळा वळतो.

खत तयार व्हायला आमच्याकडे उन्हाळ्यात दोन-अडीच महिने, पावसाळ्यात जास्त. भरलेला माल बसून पाव भागावर येतो. काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीचा वास. एक गोष्ट कुणी सांगत नाही: एवढ्या लहान मडक्यात कचरा मोठ्या ढिगासारखा तापत नाही, म्हणून बिया मरत नाहीत. कुंड्यांत टोमॅटो आणि भोपळा न लावता उगवतात. मला चालतं, गुलाबवाल्यांना चालणार नाही.

गल्लीत आता चार घरांत पेट्या आहेत. शेजारच्या देशी बदामाची पानं आधी रोज सकाळी जाळली जायची, त्या धुराला सासूबाई कंटाळल्या होत्या. आता ती पोत्यात भरून वाटून घेतो. आंब्याची पानं चिवट, चुरून टाकली तरच कुजतात. गणपतीचं निर्माल्यही चारही घरांचं इथंच जिरलं, फक्त हारांचे दोरे आणि जरीचं प्लॅस्टिक आधी काढावं लागतं.

तक्रार एकच मोठी. मधल्या मडक्याला तडा गेला, तर विक्रेता म्हणतो सुटं मिळत नाही, पूर्ण संच घ्या. मी सध्या तारेनं आवळून वापरतेय. पुन्हा घ्यायची वेळ आली तर भोकं पाडलेली रंगाची दोन जुनी पिंपं घेईन, मातीचा हट्ट धरणार नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल, पाचट ठेवायला कोरडा कोपरा नसेल आणि बाल्कनीत पावसाचं पाणी येत असेल, तर ही पेटी घेऊ नका. सोसायटीत खाली सगळ्यांचा मिळून एक हौद करा.