अक्रोडाचं चॉकलेट फज घरी करायचं: डबा की पाक?

लोणावळ्याहून येताना कूपरचं चॉकलेट वॉलनट फज आणणाऱ्या घरांत कधी ना कधी प्रश्न निघतोच, की हे घरी जमेल का. जमतं. रस्ते दोन: डबाभर कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून थापायचं, नाहीतर दूध, साखर आणि कोकोचा पाक गोळीपर्यंत नेऊन घोटायचा. दोन्हीच्या वड्या दिसायला सारख्याच. फरक कळतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि निवडही त्यावरच करावी असं मला वाटतं.

डब्याचं फज सोपं आहे, यात वादच नाही. एक डबा (३८० ते ४०० ग्रॅम), ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ३० ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ, १२० ग्रॅम भाजलेले अक्रोड. उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवायचं, पण बुडाला पाणी लागू द्यायचं नाही. बहुतेक चॉकलेट वितळलं की खाली उतरवायचं, उरलेलं ढवळता ढवळता विरघळतं. घाईत थेट गॅसवर ठेवलं तर चॉकलेट जास्त तापून तेल सुटतं आणि मिश्रण भगराळ दिसायला लागतं. तेव्हा चमचाभर कोमट दूध घालून जोरात फेटलं की बऱ्याचदा पुन्हा मिळून येतं. अक्रोड मिसळून २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनात बटर पेपरवर ओतायचं आणि चार तास फ्रीजमध्ये. कंपाउंड (कोकोबटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं स्वस्त चॉकलेट) वापरल्यास वडी ताठ होते, पण तोंडात मेणचट लागते. पन्नास-पंचावन्न टक्के कोको असलेलं खरं चॉकलेट घेतलेलं बरं. मात्र खर्चाचा मोठा वाटा तेच खातं.

पाकाचं फज या तुलनेत हट्टी. अमेरिकेत वासार कॉलेजच्या मुलींनी १८८० च्या दशकात वसतिगृहात केलेलं फज याच जातीचं: साखर, साय, चॉकलेट, लोणी आणि मनगटाचं बळ. आपल्याकडे चालणारं प्रमाण असं: ४०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कोको, २५० मिली फुल क्रीम दूध, एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज, ४५ ग्रॅम बटर, मीठ, व्हॅनिला, १२० ग्रॅम अक्रोड. कोको आणि साखर कोरडीच कालवून घेतली की गुठळ्या होत नाहीत. कढई निदान तीन लिटरची, जड बुडाची. दूध फसफसून दुप्पट-तिप्पट वर येतं. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळायचं. उकळी आली की कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून घ्यायचे, आणि मग फक्त बूड लागू नये इतपतच, अधूनमधून कालथा फिरवायचा.

पाक ११४ अंशांवर आला की उतरवायचा. थर्मामीटर नसेल तर थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघायचा. बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे आणि पाण्याबाहेर काढल्यावर ती हळूहळू पसरली पाहिजे. कडक गोळी झाली तर पाक पुढे गेला. इथे एक गोष्ट पाककृतींत क्वचितच लिहिलेली असते. ११४ हा आकडा समुद्रसपाटीचा, म्हणजे मुंबई-रत्नागिरीचा. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला. म्हणून आधी थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून बघावा आणि शंभरला जेवढा कमी पडेल तेवढा ११४ मधून वजा करावा. पुण्यात ११२ ला उतरवलं तर ठीक. ११४ पर्यंत नेलं तर वडी कोरडी आणि ठिसूळ.

उतरवल्यावर बटर आणि व्हॅनिला वर नुसतं सोडायचं. ढवळायचं नाही. कढई हलवायची सुद्धा नाही. खरी परीक्षा इथे आहे. पाक गरम असताना ढवळला तर साखरेचे थोडेच पण मोठे कण धरतात, ते वाढत जातात आणि फज दाताखाली कचकचतं. ४५ अंशांपर्यंत निवू दिला, म्हणजे कढईचं बूड तळहातावर आरामात धरता येईल इतका, आणि मग घोटला, तर एकदम असंख्य बारीक कण तयार होतात आणि ते जिभेला जाणवत नाहीत. लिक्विड ग्लुकोजचं कामही तेच, मोठे कण धरू न देणं. आठ-दहा मिनिटं घोटलं की चकाकी जाते, कालथ्यावरून पडणारी धार जड होते. त्या क्षणी अक्रोड घालून १८ सेंटिमीटरच्या टिनात थापायचं. अर्धं मिनिट उशीर झाला तर कढईतच दगड होतो. कचकच झाली किंवा दगड झाला तरी माल वाया जात नाही: अर्धी वाटी दूध घालून मंद आचेवर सगळं विरघळवायचं आणि पाक पुन्हा चढवायचा. अक्रोड आधीच पडले असतील तर ते थोडे मऊ होतात, इतकंच.

एवढा खटाटोप वाचून डब्याकडे हात जाणं साहजिक आहे. माझाही गेला असता, पण डब्याचं फज घामेजतं. ते उभं असतं चॉकलेटमधल्या कोकोबटरवर, आणि कोकोबटर ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. मऊ तर त्याच्या बरंच आधी पडतं. म्हणजे आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने त्याचा मुक्काम फ्रीजमध्येच. दमट हवेत बाहेर काढलं की दहा मिनिटांत वडीवर बारीक दवबिंदू धरतात, त्यात वरची साखर विरघळते, बटर पेपर वडीला असा चिकटतो की कोपरा कागदासकट निघतो. उरलेलं परत आत ठेवलं की तो ओलावा सुकून वर पांढुरका, खरखरीत थर येतो. पाहुण्यांसमोर ताटली ठेवली आणि गप्पा लांबल्या, की उचलणाऱ्याची बोटं चॉकलेटने माखतात. चवीत काही कमी नसतं, पण दिवाळीच्या फराळाच्या डब्यात हे फज चकली-चिवड्याशेजारी ठेवताच येत नाही.

पाकाचं फज साखरेच्या कणांवर उभं असतं, आणि साखरेला एप्रिलच्या उन्हाचं काही वाटत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, थर वेगळे करून, बाहेर आठवडाभर ते छान राहतं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या दिवशी जरा कोरडं वाटतं, दुसऱ्या दिवशी मऊ, खुसखुशीत होतं. त्याचा शत्रू पावसाळा. साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे जुलैमध्ये पाक एक अंश वर न्यावा आणि वड्या पाडल्यावर उघड्या ठेवू नयेत.

अक्रोडांच्या बाबतीत दोन्हीकडे नियम एकच: ओव्हनमध्ये १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजा, गरम असतानाच फडक्यात चोळून निघतील तेवढी सालं काढा (कडवटपणा तिथेच असतो), आणि पूर्ण गार झाल्यावरच घाला. वापरण्याआधी एक चावून बघा. खवट निघाला तर चॉकलेटही तो लपवू शकत नाही. डब्याच्या फजमध्ये अक्रोड तीन-चार दिवसांत नरम पडतात, पाकाच्या फजमध्ये कुरकुरीतपणा जास्त टिकतो असं मला तरी वाटतं. कोकणातला काजू पाकात फार शोभतो. डब्याच्या फजमध्ये मात्र तो मऊपणातच हरवतो.

घरात लहान मुलं हाताशी असतील, संध्याकाळी करून रात्री संपवायचं असेल, किंवा कुणी मुळीच कचकच सहन करत नसेल, तर डबा अवश्य घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त एक करा. फज हवाबंद डब्यात भरून मगच फ्रीजमध्ये ठेवा, आणि खाण्याआधी तो बंद डबा तासभर बाहेर राहू द्या. घाम डब्याच्या बाहेरच्या अंगाला येतो. तो पुसा, मग झाकण उघडा.