शेतातून वाहून जाणारं पाणी: गवताची पट्टी, शेततळं की बांधलेली पाणथळ?

हातोद-देपालपूरकडे जमीन असलेली कितीतरी मराठी घरं इंदुरात आहेत. बहुतेकांची शेती बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलेली. नाल्याकाठचा एखादा कोपरा पाणी स्वच्छ करण्यासाठी सोडावा, असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर हा आढावा त्यांच्यासाठी आहे. त्या भागातलं काही पाणी गंभीर नदीतून यशवंत सागरात उतरतं, आणि तो तलाव शहराला पाणी पुरवतो. २०२२ मध्ये यशवंत सागर आणि इंदुरातलाच सिरपूर तलाव, दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. पण तलावात काय उतरतं, ते वरच्या शेतांवर ठरतं.

आधी पाण्यात काय असतं ते बघा. खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून येतं, तर नत्र (नायट्रोजन) नायट्रेटच्या रूपात विरघळून. सोयाबीनला नत्राचं खत थोडंच लागतं; लसूण, बटाटा, कांदा यांना मात्र भरपूर खत पडतं. त्यातलं जमिनीत उरलेलं नायट्रेट जून-जुलैत, सोयाबीन दोन पानांवर असतानाच, पावसाबरोबर निघून जातं. त्यामुळे जो उपाय पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कामाला लागत नाही, तो अर्धवट.

गवताची पट्टी सगळ्यात स्वस्त. उताराला आडवा वाळा लावला की पाण्याचा वेग मोडतो, माती तिथेच बसते आणि तिच्याबरोबर स्फुरदही. मात्र पाणी घळीत एकवटलं की पट्टी फोडून जातं, आणि विरघळलेलं नायट्रेट तिच्यात फारसं अडत नाही.

बांधलेल्या पाणथळीचा एक प्रकार म्हणजे खडीचा वाफा. तो उज्जैनला विक्रम विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात करून पाहिला. खडीत नळ (पाणथळीत वाढणारं उंच गवत) लावायचा, पाणी खडीच्या आतून सरकवायचं. डास नाहीत, वास नाही. पण ते घरगुती सांडपाणी होतं. आपल्या काळ्या मातीचा गढूळ लोंढा त्यात सोडला तर चिकणमाती खडीच्या फटी बुजवते, मग सगळी खडी काढून धुवावी लागते. शेतातल्या पाण्यासाठी मी हा वाफा सुचवणार नाही. गोठ्याचं पाणी आधी टाकीत निवळून सोडायचं असेल तर तो उत्तम.

माझा कौल दुसऱ्या प्रकाराला, उघड्या, उथळ पाणथळीला. तोंडाशी एक खोल खड्डा, गाळ बसण्यासाठी. पुढे १५ ते ४५ सेंटिमीटर पाणी आणि त्यात पाणकणीस, नळ. खरं काम झाडांपेक्षा चिखल करतो. तिथे प्राणवायू नसतो आणि कुजका पाला भरपूर असतो, म्हणून जिवाणू नायट्रेट मोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात, आणि तो हवेत जातो. थंडीत हे काम मंदावतं. आपल्याकडे लोंढा नेमका उबदार महिन्यांत येतो, ही माळव्याची जमेची बाजू. काळी माती भिजून फुगली की पाणीही धरून ठेवते, अस्तराचा खर्च सहसा वाचतो.

अडचण जागेची. पाणलोटाच्या साधारण १ ते ५ टक्के जागा लागते. ५० बिघ्यांचं पाणी एका नाल्यात उतरत असेल तर २ टक्के म्हणजे १ बिघा. एकट्याने हे जड जातं. वरच्या शेजाऱ्यांशी बोलून करावं, आणि बटाईदाराच्या वाट्यातून तो बिघा कापू नये. मोठ्या पुरासाठी बाजूने सांडवा हवाच, नाहीतर एका रात्रीत सगळं वाहून जाईल. उन्हाळ्यात पाणथळ कोरडी पडते, पाणकणसाचे कंद टिकतात, पण वाळलेला चिखल पुन्हा भिजताना थोडं स्फुरद सोडतो. म्हणून खड्ड्यातला गाळ मे महिन्यातच उपसून शेतात परत टाकायचा.

एवढी जागा सोडणं जमत नसेल तर शेततळं. प्लास्टिक अंथरलेल्या खोल तळ्यात चिखल नसल्यामुळे नायट्रेट फारसं मोडत नाही, पण तेच पाणी रब्बीत गव्हाला दिलं तर ते पिकाच्या मुळांशी परत जातं. फक्त तळ्यात शिरण्याआधी वाळ्याची पट्टी ठेवा, नाहीतर तळं गाळानेच भरेल.