१,९९९ चं ‘स्टुडंट पॅक’ आणि दोनदा दिलेला अंगठा

अकरावीच्या ॲडमिशन सुरू झाल्या की ठाणे स्टेशनबाहेर, गोखले रोडला सिमवाल्यांच्या छत्र्या उगवतात. त्यातल्याच एका छत्रीखाली पोरासाठी सिम घेताना मी १,९९९ रुपये घालवले. ‘स्टुडंट पॅक, वर्षभर, रोज दीड जीबी’, पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं. कंपनीच्या ॲपमध्ये असलं पॅक नव्हतंच. ॲप माझ्याच खिशातल्या फोनवर होतं, उघडून बघायला अर्धा मिनिट लागला असता.

हिशेब तर इतका सोपा की लाज वाटते. रोज दीड जीबीचं २८ दिवसांचं पॅक २९९ ला. वर्षात असे रिचार्ज बारा नाही, तेरा पडतात. म्हणजे ३,८८७. तोच माल १,९९९ ला कोण देईल? हे तेराचं गणित सोसायटीत सगळ्यांना मीच समजावत असतो! पण अगदीच डोळे झाकून पैसे दिले असंही नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर १,९९९ ला ३६५ दिवसांचं पॅक बाजारात खरंच होतं. फक्त त्यात डेटा वर्षाचा मिळून २४ जीबी. रोज दीड जीबी उडवणाऱ्या पोराला तो सोळा दिवस पुरेल. आकडा ओळखीचा वाटला आणि मी पुढचं विचारलंच नाही.

प्रत्यक्षात मारला होता २९९ चा रिचार्ज. १,७०० छत्रीवाल्याच्या खिशात. रिचार्जचा मेसेज नव्या नंबरवर, म्हणजे पोराच्या फोनवर आला. त्यानं तो वाचलाही नाही. नेट बंद पडल्यावर कळलं.

आता अंगठ्याचं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, त्यामुळे आधार बापाचं आणि अंगठाही बापाचा. “काका, घामानं घेत नाहीये, पुसून परत ठेवा.” मशीनचा लाल दिवा पहिल्यांदाही नीट पेटला होता. फोनचा स्क्रीन मात्र त्यानं स्वतःकडे तिरका धरला होता. तेव्हाच म्हणायला हवं होतं, ‘एरर दाखव.’ मी काय केलं, तर रुमालानं अंगठा पुसला. नंतर आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री, म्हणजे आधार कधी वापरलं गेलं त्याची यादी, काढली. चार मिनिटांच्या अंतरानं दोन नोंदी, दोन्ही यशस्वी. अंगठा खरोखर चुकला असता तर तिथे एरर कोड दिसतो. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर माझ्या नावाचे नंबर तपासले तर एक भलताच नंबर, म्हणजे दुसऱ्या अंगठ्यावर काढलेलं दुसरं सिम. तो कुणाच्या हातात आहे आणि त्यावरून कुणाला काय फोन जातायत, देव जाणे. ‘नॉट माय नंबर’ निवडून रिक्वेस्ट टाकली आहे. हे तपासणं फुकट आहे, आजच करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं.

वैतागून नंबर पोर्ट करायला गेलो, तर नव्या सिमला ९० दिवस पोर्टिंग नाही. तीन पॅक ८४ दिवसांत संपतात, म्हणजे चौथंही मारायचं. ॲडमिशनच्या फॉर्मवर तोच नंबर दिलाय, टाकूनही देता येत नाही. आणखी ८९७ रुपये.

तक्रारीची कथा याहून भारी. कंपनीच्या शोरूममध्ये उत्तर, “छत्रीवाला आमचा नाही, डिस्ट्रिब्युटरचा.” कस्टमर केअरनं डॉकेट नंबर दिला आणि दोन दिवसांत तक्रार बंद केली: ‘२९९ चा रिचार्ज यशस्वी.’ अरे, ते मीही सांगतोय! पोलीस ठाण्यात आधी हद्दीचा प्रश्न, मग “सतराशेसाठी?” दुसरं सिम आहे म्हटल्यावर, “सायबर हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.” १९३० वर, “क्यूआर तुम्हीच स्कॅन केला ना?” ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला बिल हवं. बिल छत्रीखाली कोण देतं? ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची नियामक संस्था, तर एकेका ग्राहकाच्या तक्रारी घेतच नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. यूपीआयची पावती मात्र जपून ठेवा, पैसे कुणाच्या नावावर गेले ते तिथेच दिसतं. रोख दिले असते तर तेवढंही हाती नसतं.

सिम शोरूममधूनच घ्या. रिचार्ज दुकानदाराला करू देऊ नका, ॲपवरून स्वतः करा. अर्जाची प्रत मागा, तिच्यावर विक्रेत्याचा कोड असतो. माझ्याकडे ती नाही. घरी वायफाय असेल तर दीड जीबी पोराला पुष्कळ होतो, आणि रोजचा कोटा संपला तरी ६४ केबीपीएसवर व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, रील चालत नाही. ते बरंच आहे. पॅक घेताना ‘दिवस किती’ आणि ‘जीबी रोजचे की एकूण’ हे दोनच प्रश्न विचारा, उत्तर ॲपमध्ये बघा. न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे पैसे कापले जात असतील तर १५५२२३ वर ‘स्टॉप’ पाठवा.

डॉकेट बंद झाल्यावर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं, फी नाही. हे कस्टमर केअरनं सांगितलं नाही, मी शोधून काढलं. माझे अकरा दिवस उरलेत.