वाळवंटाचा नीडलपॉइंट भरून झाला. आता फ्रेम की कुशन?

नीडलपॉइंट म्हणजे जाळीदार कॅनव्हासवर टाके भरून केलेलं चित्र. शेवटचा टाका पडला की कॅनव्हास कधी एकदा भिंतीवर किंवा सोफ्यावर दिसतोय असं होतं. फ्रेम की कुशन हे बहुतेक जण आवडीवर ठरवतात. फुलापानांच्या नक्षीत ते चालून जातं. वाळवंटाच्या देखाव्यात मात्र आधी चित्राचं ऐकावं, कारण तिथे नजरेला धरायला फार थोडं असतं: एक क्षितिजरेषा, वर मोकळं आकाश, खाली वाळूच्या चार-पाच छटा. ती रेषा वाकली की सगळं चित्रच कलंडल्यासारखं दिसतं.

काहीही ठरवलं तरी आधी ब्लॉकिंग, म्हणजे तिरका झालेला कॅनव्हास ताणून पुन्हा काटकोनात आणणं, करावंच लागतं. तिरप्या टाक्यांचा ओढा एकाच बाजूला असतो, त्यामुळे कॉन्टिनेन्टल टाक्याने (आडव्या ओळीने घातलेला तिरपा टाका) भरलेला चौकोन हमखास तिरका होतो. बास्केटवीव्हने (तोच टाका, पण तिरप्या ओळींत) भरलेला बराच सरळ राहतो. पांढरा ओला कपडा दाबून रंग उतरत नाही ना ते पाहावं, मग कॅनव्हासची खळ सैल होईल इतपतच तो ओलसर करावा, गुण्या लावून काटकोनात ताणावा आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी फळीवर ठोकून ठेवावा. पूर्ण वाळल्याशिवाय टाचण्या काढायच्या नाहीत, एखादा दिवस जास्त गेला तरी चालेल. कडा जुळल्या म्हणून खूश होऊ नका, पट्टी क्षितिजावर ठेवून बघा. रेशीम किंवा जरीचा दोरा वापरला असेल तर पाण्यापासून लांबच राहिलेलं बरं.

आता मुख्य प्रश्न. कुशन भरलं की मधला भाग फुगतो आणि चारही कोपरे मागे ओढले जातात. म्हणजे सरळ आडवी रेषा मधे वर आल्यासारखी दिसते आणि कडेला खाली घसरते. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीचे सपाट माथ्याचे सुळके भरले असतील तर कुशनचा विचारही करू नका, ते माथे तिरके दिसणारच. याउलट नामिबियातल्या सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकडीची धार घ्या. एका बाजूला केशरी ऊन, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काळी सावली आणि मधून नागमोडी जाणारी रेघ. ती मुळातच वळणाची असल्याने फुगवटा तिला मानवतो, उलट वाळूला घडण येते. सोनोरन वाळवंटातला एकटा सग्वारो (उंच निवडुंग) मधोमध उभा असेल तरी कुशन छान दिसतं, कारण फुगवटा नेमका त्यालाच पुढे आणतो. त्याच्यामागची डोंगररांग मात्र जितकी खाली आणि जितकी ओबडधोबड, तितकी बरी.

दुसरी कसोटी टाक्यांची. 13 काउंटच्या (इंचाला 13 भोकांच्या) कॅनव्हासवर लोकरीने घट्ट भरलेला तिरपा टाका वर्षानुवर्षं पाठ टेकली तरी तग धरतो. पण आकाशासाठी लांब लांब सरळ टाके घातले असतील, ढगात रेशीम असेल, तर अंगठी, बांगडी, मांजराची नखं, काहीही त्यात अडकेल. असं काम फ्रेममध्येच जावं, यात मला तरी दुमत दिसत नाही.

फ्रेमचा धोका काचेत आहे. वाळूचा खरबरीतपणा दाखवायला तुम्ही टाके बदलले, आणि वर चकाकणारी काच बसली की तो सगळा सपाट होतो. बिनकाचेची फ्रेम सर्वांत सुंदर दिसते, पण धूळ बसते. स्वयंपाकघराजवळची भिंत असेल तर काच हवीच. मग चकाकी न येणारी घ्या, आणि काच व टाके यांच्यात माउंट (पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसरने (कडेला लपणारी पट्टी) अंतर ठेवायला सांगा. अतिनील किरण रोखणारी काच उपयोगी असते, तरी दिसणारा उजेडही रंग उडवतोच. उडालेला रंग परत येत नाही, म्हणून उन्हाची भिंत टाळा. कॅनव्हास आम्लरहित पुठ्ठ्यावर मागून दोऱ्याने ओढून बसवतात ना, हे फ्रेमवाल्याला आधी विचारा. गोंदाने चिकटवणार असेल तर दुसरीकडे जा.

वॉल हँगिंगही होतं, पण देखाव्याला चौकट लागते. मला ते नुसतं लोंबकळल्यासारखं वाटतं.

कुशनच करायचं ठरलं तर आतली उशी कव्हरच्याच मापाची घ्या. एरवी गुबगुबीतपणासाठी इंच-दोन इंच मोठी घालतात, इथे तसं करू नका. कोपरे किंचित गोलसर शिवून घ्या, नाहीतर ते कानासारखे उभे राहतात. पायपिंगचा (कडेच्या शिवणीतल्या गोटाचा) रंग वाळूतून न घेता सावलीतून घ्या, जांभळट तपकिरी वगैरे. वाळूचा रंग कडेला आला की चित्र कुठे संपतं तेच कळत नाही.

दोन्हींसाठी कडेला दोनेक इंच कोरा कॅनव्हास हवा. शिवणीत टाक्यांची एखाद-दोन ओळ जाते आणि फ्रेमच्या खाचेतही कडेचा थोडा भाग झाकला जातो, तेव्हा चारही बाजूंनी दोन-तीन ओळी जास्तीच्या भरून घ्या. त्यासाठी उरलेली लोकर तोवर कुणाला देऊन टाकू नका. दुसऱ्या लॉटमधली (वेगळ्या वेळी रंगवलेली) तीच छटा मोकळ्या आकाशात पट्ट्यासारखी उठून दिसते.