बंद महिना पुन्हा मोजायचा नाही: पोस्टग्रेसवर हिशेबाचे रिपोर्ट आठ महिने चालवल्यानंतर

सांगलीतल्या एका औषध वितरक कंपनीचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर इथल्याच एका डेव्हलपरने बनवून दिलेलं आहे, खाली डेटाबेस पोस्टग्रेस 15. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागला तेव्हापासूनची व्हाउचर एकाच टेबलात आहेत, नोंदींच्या ओळी 90 लाखांच्या वर. रिपोर्टचा वेग वाढवायचं काम मागच्या जूनमध्ये हाती घेतलं. तेव्हापासून जे टिकलं आणि जे काढून टाकावं लागलं, ते दोन्ही लिहितो.

आधीची अवस्था अशी: दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 ची (विक्रीच्या रिटर्नची) मुदत. त्याच्या आदल्या दोन दिवसांत मोठ्या पार्टीची (ग्राहकाची) खतावणी, म्हणजे खात्याचा उतारा, उघडली की पडदा चार-साडेचार मिनिटं पांढरा. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, हे खरं. पण डिस्क एकच. त्यामुळे तेवढा वेळ काउंटरवरची बिलंही रेंगाळायची आणि बाहेर डिलिव्हरीची पोरं गाड्या चालू ठेवून उभी. सगळ्यांचा सल्ला एकच, नवा सर्व्हर घ्या. कोटेशनसुद्धा आलं होतं. मी मालकांकडे एक महिना मागून घेतला.

पहिलं काम केलं ते पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स चालू करण्याचं. कुठली क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) किती वेळा आणि किती वेळ चालली, हे त्यात नोंदलं जातं. ते शेअर्ड-प्रीलोड-लायब्ररीज या सेटिंगमध्ये टाकून सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, एवढाच त्रास. आठवडाभराने एकूण वेळेनुसार यादी लावली तर पहिल्या नंबरावर खतावणी नव्हतीच. होती ती बिल करताना पार्टीच्या नावापुढे दिसणारी येणेबाकी. दिवसातून काही हजार वेळा चालणारी ही छोटी क्वेरी दर वेळी 2017 पासून आजपर्यंतची जमा-नावे बेरीज करत होती. ज्या रिपोर्टबद्दल लोक ओरडतात आणि जो रिपोर्ट सर्व्हरला खातो, ते दोन वेगळे असू शकतात. मोजल्याशिवाय कशालाही हात लावू नका, असं मी अगदी मनापासून सांगेन.

मग एक्सप्लेन अनालाइझ, बफर्ससकट, म्हणजे क्वेरी कुठल्या वाटेने गेली आणि किती डेटा वाचला ते दाखवणारी आज्ञा. महिन्याच्या रिपोर्टमध्ये तारखेला टू-चार हे फंक्शन लावून ‘वर्ष-महिना’ असा मजकूर बनवला होता आणि त्याची तुलना केली होती. तारखेवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची) होता, पण कॉलमवर फंक्शन चढवलं की तो साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. सबंध टेबल वाचून जवळपास सगळ्या ओळी फेकून दिल्या जात होत्या, ‘रोज रिमूव्हड बाय फिल्टर’ (वाचून गाळलेल्या ओळी) यापुढचा आकडाच ते सांगत होता. तिथे ‘1 जूनपासून पुढे आणि 1 जुलैच्या आत’ अशी सरळ अट लिहिली. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेब सॉफ्टवेअरला बदलांचा माग ठेवणं बंधनकारक झालं, तेव्हा आलेलं लॉग टेबल प्रत्येक रिपोर्टला विनाकारण जोडलेलं होतं. तेही काढलं.

इंडेक्सबद्दल थोडं सविस्तर सांगतो. व्हाउचरचं टेबल म्हणजे रोजकीर्द, नोंदी आल्या तशा लिहिलेल्या. पार्टीचा उतारा हवा असेल तर खतावणी लागते, म्हणजे आधी खातं आणि खात्यात तारीख. इंडेक्सही त्याच क्रमाने हवा. आमच्याकडे तो उलटा होता. तो खातं, तारीख असा केला आणि जमा-नावे रकमा इन्क्लूडमध्ये, म्हणजे इंडेक्सलाच जोडून, ठेवल्या (ही सोय आवृत्ती 11 पासून आहे), म्हणजे बेरजेसाठी मूळ टेबलाकडे जावंच लागत नाही. मात्र व्हॅक्यूम (टेबलाची साफसफाई) झालेला नसेल तर ‘हीप फेचेस’चा (मूळ टेबलाकडे माराव्या लागलेल्या फेऱ्यांचा) आकडा फुगतो आणि फायदा निम्मा होतो. म्हणून मोठी आयात केली की लगेच हाताने व्हॅक्यूम अनालाइझ चालवतो.

वर्क-मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी, मुळात 4 एमबी असते. तेरजेच्या (ट्रायल बॅलन्सच्या) रिपोर्टमध्ये सॉर्ट डिस्कवर सांडत होता. ती मी सगळ्यांसाठी वाढवली नाही, कारण एकाच क्वेरीतला प्रत्येक सॉर्ट आणि हॅश तेवढी जागा वेगळी मागू शकतो. फक्त रिपोर्टच्या युजरला 128 एमबी दिली.

एवढ्यावर साडेचार मिनिटांची खतावणी वीस सेकंदांवर आली. तरी येणेबाकीची क्वेरी जुन्या पार्ट्यांसाठी जडच होती. हे मी आमच्या दिवाणजी काकांना समजावून सांगत होतो. चाळीस वर्षं वह्या लिहिलेला माणूस. ते म्हणाले, “अरे बाबा, आम्ही पान संपलं की खाली बेरीज मारून ती पुढच्या पानावर न्यायचो. तुझं मशीन रोज पहिल्या पानापासून मोजतंय होय?”

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. हिशेबाचा डेटा इतर डेटासारखा नसतो. रिटर्न भरून झालं, महिना बंद झाला, की त्यातला आकडा सहसा हलत नाही. मग तो पुन्हा पुन्हा का मोजायचा?

सुरुवातीला मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचं उत्तर आधीच मोजून साठवून ठेवणं) केला. पोस्टग्रेसमध्ये तो 2013 च्या 9.3 पासून आहे, आणि 9.4 पासून वाचणाऱ्यांना न अडवता ताजा करता येतो. त्यासाठी त्यावर युनिक इंडेक्स लागतो. रिपोर्ट पळायला लागले, पण तीन आठवड्यांत तो सोडला. एक तर ताजा करताना तो दर वेळी पहिल्यापासून सगळं मोजतो. दुसरं म्हणजे रात्रीपर्यंत आकडा शिळा. दुपारी चेक जमा केला आणि मालकांना बाकी जुनीच दिसली. त्या दिवशी एका दुकानदाराचा माल उगाच अडवला गेला. हिशेबात शिळा आकडा म्हणजे चुकीचाच आकडा.

मग साधं टेबल केलं: खातं, महिना, एकूण नावे, एकूण जमा. मागचे महिने त्यातून, चालू महिना थेट व्हाउचरमधून, दोन्हींची बेरीज. पार्टी कितीही जुनी असो, मागचे महिने म्हणजे शंभरेक ओळी. हे टेबल बिलाबरोबरच ट्रिगरने (नोंद होताच आपोआप चालणाऱ्या कोडने) अपडेट करायचा प्रयत्न केला तो अंगाशी आला. विक्रीचं आणि जीएसटीचं खातं प्रत्येक बिलात येतं, म्हणजे सगळे काउंटर त्याच एका ओळीच्या कुलपासाठी रांगेत. आता ट्रिगर फक्त ‘या खात्याचा हा महिना हलला’ अशी नवी ओळ टाकतो. दर पाच मिनिटांनी एक काम तेवढेच महिने नव्याने मोजतं, आणि तोवर रिपोर्ट त्या महिन्यापुरता मूळ नोंदींकडे जातो. मागच्या तारखेची नोंद आली तरी आकडा खराच दिसतो.

जो कुणी हे करेल त्याने रोज रात्री पडताळणी जरूर लावावी: सारांशाची (महिन्याच्या टेबलाची) बेरीज आणि व्हाउचरची बेरीज, फरक शून्य. रकमा न्यूमेरिक (नेमक्या दशांशाच्या) प्रकारात ठेवलेल्या असाव्यात, फ्लोटमध्ये (अंदाजे दशांशाच्या प्रकारात) पैशांचा बारीक फरक पडतो. दुसऱ्याच महिन्यात एका पार्टीत 1,840 रुपयांचा फरक आला. व्हाउचरची तारीख जुलैवरून ऑगस्टवर बदलली होती आणि माझ्या ट्रिगरने फक्त नवा महिना नोंदवला होता, जुना नाही. बदलाच्या वेळी जुनी आणि नवी अशी दोन्ही बाजू नोंदवायला हवी, आणि खोडलेल्या व्हाउचरचीही. ते दुरुस्त केल्यापासून फरक आलेला नाही.

ब्रिन इंडेक्सही वापरून पाहिला. तो ओळींच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे फक्त सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत ठेवतो. आकाराने अगदी लहान, आणि रोजकीर्दीच्या तारीखवार रिपोर्टला चांगला. पार्टीवार रिपोर्टला त्याचा काही उपयोग नाही. वर्षवार पार्टिशनिंग (एका टेबलाचे वर्षाप्रमाणे तुकडे) चाचणीवरच सोडलं. प्रायमरी कीमध्ये (ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमांत) तारीख घालावी लागते, त्यासाठी अर्धं सॉफ्टवेअर बदलावं लागलं असतं.

आज येणेबाकी डोळ्याची पापणी लवते तोवर येते, मोठी खतावणी दोन सेकंदांत, तेरीज तीन. सर्व्हर तोच आहे. टॅलीवाल्यांना यातलं काही थेट लागू पडणार नाही, त्याचा डेटाबेस स्वतःचा आणि बंद आहे. मायएसक्यूएलमध्ये मटेरियलाइज्ड व्ह्यू नाही, पण महिन्याचं टेबल तिथेही जमेल.

30-60-90 दिवसांचा वसुलीचा रिपोर्ट मात्र अजून चाळीस सेकंद घेतो. तिथे महिन्याची बेरीज चालत नाही, कारण कुठलं बिल कुठल्या पावतीतून भागलं हे बिलवार बघावं लागतं. आता फक्त बाकी शिल्लक असलेल्या बिलांचा पार्शल इंडेक्स चाचणीच्या सर्व्हरवर लावला आहे. लाखो बिलांपैकी न भागलेली काही हजारच असतात. दिवाणजी काका रोज संध्याकाळी पाच-सहा पार्ट्यांचे आकडे त्यांच्या हिरव्या वहीशी ताडून बघतात. त्यांनी होकार दिला की मार्चअखेरच्या आत मुख्य सर्व्हरवर चढवणार.