बीगलबोन ब्लॅक: पिनमक्सच्या कसोटीवर

बीगलबोन ब्लॅक हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक २०१३ साली आला आणि वेग, मेमरी व किंमत या अंगांनी त्याची परीक्षणे पुष्कळ झाली. येथे मात्र त्याच्या पिना कोणत्या कामाला लावायच्या हे (यालाच पिनमक्स म्हणतात) डिव्हाइस ट्रीतून, म्हणजे लिनक्स कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलीतून, ठरवताना तो कितपत साथ देतो, एवढेच पाहायचे आहे. बोर्डाच्या दोन कडांना पी८ आणि पी९ हे प्रत्येकी ४६ पिनांचे हेडर (जोडपट्ट्या) आहेत. संख्या भरघोस वाटते, पण पी८वरील २७ ते ४६ या पिना एचडीएमआयसाठी आणि त्याच हेडरवरील आणखी १० पिना ईएमएमसीसाठी (बोर्डावरील साठवणीच्या चिपसाठी) आधीच गुंतलेल्या असतात, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

यातील एएम३३५८ चिपची रचना स्वच्छ आहे. प्रत्येक पिनमागे एक रजिस्टर (चिपमधील छोटी नोंदजागा) असते. त्यातील खालचे तीन बिट ० ते ७ पैकी मोड, म्हणजे पिनेचे काम, निवडतात, चौथा व पाचवा बिट पुल-अप किंवा पुल-डाउन (मोकळ्या पिनेला उच्च किंवा निम्न पातळीकडे ओढणे) ठरवतात आणि सहावा बिट इनपुट चालू करतो. पी९वरील २२वी पिन मोड ० मध्ये एसपीआयचे क्लॉक, १ मध्ये यूएआरटी-२चे रिसीव्ह, २ मध्ये आयटूसीचा डेटा, ३ मध्ये पीडब्ल्यूएम (स्पंदांची रुंदी बदलणारा सिग्नल), तर ७ मध्ये साधी जीपीआयओ (सर्वसाधारण चालू-बंद पिन) होते. एसपीआय, यूएआरटी आणि आयटूसी हे चिपांनी आपसात डेटा देण्याघेण्याचे मार्ग आहेत. तिला पुल-अपसह यूएआरटीला द्यायचे, तर रजिस्टरमध्ये हेक्स ३१ जायला हवे. पुल चालू करणारा बिट उलटा आहे, म्हणजे शून्य ठेवल्यावर पुल लागतो. त्यामुळे आकडे हाताने न जुळवता कर्नलच्या हेडर फाइलमधील (ही कोडची फाइल, पिनांचा हेडर नव्हे) तयार मॅक्रोच, म्हणजे नावे दिलेले आकडेच, वापरावेत. एसपीआयचे क्लॉक बोर्डातून बाहेर जात असले तरी त्याचा इनपुट बिट चालू ठेवावा लागतो, कारण चिप तेच क्लॉक पिनवरून परत वाचते.

माझा आक्षेप चिपवर नाही, लिहिण्याच्या पद्धतीवर आहे. जुन्या कर्नलमध्ये पिनेची ओळख म्हणजे नुसता ऑफसेट (रजिस्टरच्या जागेचा आकडा) होता. नव्या मॅक्रोत नाव आले, पण ते मोड ० वरून ठेवलेले. त्यामुळे यूएआरटीच्या नोंदीत पिनेचे नाव एसपीआयचे दिसते आणि पुढे मोड १ एवढाच आकडा असतो, ज्याचा अर्थ डेटाशीट उघडल्याशिवाय कळत नाही. आय.एमएक्स ६ या दुसऱ्या चिप-मालिकेच्या मॅक्रोत पिन आणि तिचे काम दोन्ही नावातच असल्याने ती नोंद वाचताच समजते.

येथील पिनकंट्रोल-सिंगल हा ड्रायव्हर दिलेला आकडा रजिस्टरमध्ये लिहितो, त्याचा अर्थ तपासत नाही. मोड चुकला तर कर्नल चकार शब्द काढत नाही. यूएआरटीचा नोड (डिव्हाइस ट्रीतील त्याची नोंद) चालू केला आणि पिनांच्या गटाचा संदर्भ द्यायचा राहिला, तरीही डिव्हाइस फाइल तयार होते. फक्त तारेवर काही येत नाही. एकाच पिनेवर दोन नोडांनी हक्क सांगितला तर मात्र बूट लॉगमध्ये ती पिन आधी कोणी घेतली, हे स्पष्ट लिहून येते. डीबगएफएसमधील (कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलींमधील) पिनांची यादी तर या बोर्डाची खरी जमेची बाजू म्हणावी लागेल: प्रत्येक रजिस्टरचे चालू मूल्य तेथे जसेच्या तसे दिसते, त्यामुळे डिव्हाइस ट्रीत लिहिलेले प्रत्यक्षात उतरले की नाही याचा निकाल लगेच लागतो.

पिनमक्स शिकण्यासाठी हा बोर्ड मी निःसंकोच सुचवीन. एचडीएमआय नको असेल तर बूटच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून त्या पिना मोकळ्या करता येतात. ईएमएमसीच्या पिना मोकळ्या केल्या, तर सिस्टिम एसडी कार्डावरून चालवावी लागेल. स्वतःचे विस्तार-बोर्ड आखणाऱ्यांनी पी९वरील ४१ आणि ४२ या पिना शक्यतो शेवटी घ्याव्यात. या दोन्हींना चिपच्या प्रत्येकी दोन पिना जोडलेल्या आहेत. एकीला काम दिले की दुसरी इनपुट म्हणून ठेवावी लागते, आणि तसे डिव्हाइस ट्रीत स्वतंत्रपणे नोंदवावे लागते.